लाँड्रीतला शॉट

काकू जिना चढून वर आल्या तेव्हा कात्री एका मुकादमाला हसवत होती. सिमेंटच्या कंपनीची फिल्म होती. मुकादम बिचारा मुळात हसलाच नव्हता. पंधरा मिनिटांच्या शूटिंगमध्ये त्याचे ओठ दोनदा जरासे हलले होते, एवढंच. ते दोन तुकडे शेजारी शेजारी आणून, मधली जांभई काढून टाकून कात्रीने त्याला बऱ्यापैकी समाधानी माणूस करून ठेवलं होतं.

"इथेच कापतेस का सगळ्यांना?" दारातून आवाज आला.

कात्रीने मान वळवली आणि ताडकन उठली. "काकू! अहो, फोन करायचा. मी आले असते घरी."

"फोन केला असता तर म्हणाली असतीस, काकू, आज फार काम आहे." काकू आत येऊन तिच्याच खुर्चीत बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि दम खाऊन म्हणाल्या, "पाणी दे आधी. मग सांगते."

काकू म्हणजे घोगरीच्या आई. घोगरी, कात्री आणि ट्रायपॉड ही तिघांची कॉलेजातली नावं. घोगरीचा आवाज सर्दी झाल्यासारखा बसका, पण गायला लागली की वर्गातल्या पोरांची वटवट बंद व्हायची. ट्रायपॉड नुसताच उंच, लांब तंगड्यांचा, आणि कॅमेरा हातात असला की तासभर जागचा न हलणारा. आणि ही कात्री. तिला एडिटिंगचं वेड लागलं तेव्हापासून हे नाव चिकटलं, ते इतकं की पुढे तिने दुकान थाटलं तेव्हा पाटीवरही तेच आलं. घरचं नाव आता फक्त बँकेला माहीत.

पाणी पिऊन झाल्यावर काकू म्हणाल्या, "माझा शॉट दे."

कात्री हसली. हे वाक्य तिला नवं नव्हतं. गेली बावीस वर्षं काकू कुठेही भेटल्या, बसथांब्यावर, दवाखान्यात, कुणाच्या लग्नात, की तिचा दंड धरून शेजारच्या माणसाला सांगायच्या, "ही बघा. हिने मला कापलं." शेजारचा माणूस दचकायचा, काकू हसायच्या, कात्रीही हसायची. पण आज काकू हसत नव्हत्या.

"थट्टा नाही करत गं. आमच्या चौघींतली ट्रॉलीवाली गेल्या महिन्यात गेली. शिलाईवाली जाऊन तर चार वर्षं झाली. राहिलो मी आणि इस्त्रीवाली. तिला एका डोळ्याने दिसत नाही, दुसऱ्याचं डॉक्टर काही सांगत नाहीत. परवा मला म्हणाली, त्या दिवशी एवढ्या नटूनथटून गेलो आणि तू दिसलीच नाहीस. मेली, बावीस वर्षांनी आठवण काढली. म्हटलं, थांब, दाखवते तुला." काकूंनी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. "असेल ना कुठेतरी? तुमचं काहीतरी असतं ना, जपून ठेवलेलं?"

"बघते काकू," कात्री म्हणाली. "असेल तर ट्रायपॉडकडे असेल."

काकू चहा न घेताच गेल्या. मुकादम पडद्यावर तसाच हसत राहिला आणि कात्रीचं लक्ष कामातून उडालं ते उडालंच.

तिला आठवली ती कॉलेजची सामानाची खोली. मोडक्या बाकांनी अर्धी भरलेली, आणि उरलेल्या अर्ध्या भागात, टेबलावर, कॉलेजातला एकुलता एक एडिटिंगचा कॉम्प्युटर. प्रत्येक गटाला दिवसाला दोन तास मिळायचे. त्यातला पहिला अर्धा तास आदल्या गटाने करून ठेवलेला गोंधळ निस्तरण्यात जायचा. डिस्क एवढीशी, की नवीन शॉट आत घ्यायचा तर जुना पुसावा लागे. चित्र हळूहळू विरून जाणारा एखादा साधा फेड द्यायचा म्हटलं तरी पडद्यावर निळी पट्टी यायची आणि मुंगीच्या पावलांनी पुढे सरकायची. त्या वेळी माउसला धक्का लागला तर यंत्र रुसून बसायचं. म्हणून पट्टी सरकू लागली की तिघंही टेबलापासून दोन पावलं मागे जाऊन, हाताची घडी घालून उभी राहायची. घोगरी तर श्वाससुद्धा हळू घ्यायची. एकदा नव्याण्णव टक्क्यांवर शिपायाने दिव्याचं बटण समजून भलतंच बटण दाबलं. ट्रायपॉड खाली फरशीवर बसून पोट धरून हसत सुटला होता, कारण दुसरं काय करणार?

शेवटच्या वर्षाची ती स्पर्धा होती. प्रत्येक गटाने एका गाण्याचा व्हिडिओ करायचा, चार मिनिटांच्या आत. गाणं घोगरीने स्वतः रचलेलं, स्वतः गायलेलं. 'वाऱ्यावर पांढरं काही हलतं, मला वाटतं तूच आहेस,' असं त्याचं धृपद. ते ऐकून ट्रायपॉड म्हणाला, "पांढरं काही म्हणजे चादरी. वाळत घातलेल्या शेकडो चादरी. कुठे मिळतील?"

घोगरीने गाण्याचा कागद दुमडला. मग जरा वेळाने म्हणाली, "माझी आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे."

कात्री तिची जिवाभावाची मैत्रीण, आणि तिलाही हे तीन वर्षांत कळलं नव्हतं. 'आई हॉस्पिटलमध्ये असते' एवढंच घोगरी सांगायची. ऐकणारा आपापल्या परीने त्यातून नर्स काढायचा, नाहीतर डॉक्टर. घोगरी खोटं बोलायची नाही. फक्त कुणाचं दुरुस्त करायची नाही.

लाँड्रीत ते एक अख्खी सकाळ होते. वाफेने कॅमेऱ्याची काच सारखी धूसर होत होती आणि ट्रायपॉड शर्टाच्या टोकाने ती पुसत होता. तिथल्या चौघी जणी एकमेकींना कामावरूनच हाका मारायच्या: इस्त्रीवाली, ट्रॉलीवाली, शिलाईवाली, आणि काकू घडीवाली. घोगरी चादरींच्या रांगांमधून गात चालत येते आणि टोकाला एक बाई चादरीची घडी घालत असते, असा शॉट होता. ती बाई म्हणजे काकू. जाताना काकूंनी तिघांच्या हातावर प्रत्येकी एक खारी ठेवली आणि विचारलं, "कधी दाखवणार?"

पुढच्या आठवड्यात एडिटिंगला घोगरी एकटीच आली. ट्रायपॉड कॅमेरा परत करायला गेला होता. कात्रीने चादरींचा भाग तिसऱ्या कडव्यावर लावला होता आणि तो कसा दिसतो हे ती दाखवत होती. घोगरीने दोनदा पाहिलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ते काढ."

"काय काढ?"

"आईचं. सगळंच. हॉलमध्ये सगळे असणार. ते लाँड्री बघणार आणि..." तिने वाक्य पूर्ण केलं नाही. "काढ ना. विचारू नको."

कात्रीने विचारलं नाही. तिने तो तुकडा निवडला, बोट खाली नेलं आणि तो नाहीसा झाला. मोकळ्या झालेल्या जागी तिने पुलावरचा घोगरीचा क्लोज-अप लावला. केस उडतायत, नजर दूर, टीव्हीवर असतात तसा. लावताना तिला हायसं वाटलं हेही खरं. काकूंनी शॉटमध्ये भलतंच केलं होतं, आणि एडिटिंग शिकवणाऱ्या सरांच्या नियमांप्रमाणे तो शॉट चुकलेलाच होता. त्यामुळे मैत्रिणीचा शब्दही राहिला आणि नियमही राहिला, असं तिने स्वतःला समजावलं.

स्पर्धेच्या दिवशी काकू ड्युटी बदलून आल्या. एकट्या नाही, चौघी आल्या. ठेवणीतले कपडे, इस्त्रीवालीच्या हातची कडक इस्त्री, केसांना तेल, आणि ट्रॉलीवालीच्या ओठांना चक्क लाली. दुसऱ्या रांगेत ओळीने बसल्या. गाणं सुरू झालं, संपलं, टाळ्या पडल्या. पुढच्या गटाचा व्हिडिओ सुरू झाला तरी काकू पडद्याकडे तशाच टक लावून बघत होत्या. मग मागे वळून त्यांनी हळूच विचारलं, "अजून आहे का गं पुढे?"

बाहेर व्हरांड्यात चौघी उभ्या होत्या. घोगरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. आईने काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "तो शॉट हलला होता, आई. कात्रीने काढला."

कात्रीने तिच्याकडे पाहिलं. एक क्षणभरच. "हो काकू," ती म्हणाली, "हलला होता."

"हलला?" काकू म्हणाल्या. "मी तर दगडासारखी उभी होते."

व्हिडिओला दुसरा नंबर मिळाला. घोगरी आणि कात्री यांचं भांडण झालं नाही, अबोलाही नाही. नुसतंच भेटणं कमी होत गेलं. ज्याला आपली लाज माहीत आहे त्याच्या डोळ्याला डोळा देणं जड जातं, हे कात्रीला पुढे कळलं. तेव्हा वाटायचं, परीक्षा आहेत, नोकऱ्या आहेत. मग घोगरी लांबच्या शहरात गेली, शाळेत शिकवू लागली, लग्न झालं. आता वर्षातून दोनदा मेसेज. एक हिच्या वाढदिवसाला, एक तिच्या.

काकू येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी कात्री ट्रायपॉडकडे गेली. तो आता चष्म्यांचं दुकान चालवतो. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना अजूनही तसाच स्तब्ध उभा असतो. टेप म्हणताच त्याने गिऱ्हाइकाला आरशापुढे बसवलं, स्वतः माळ्यावर चढला आणि एक चौकोनी डबा घेऊन उतरला. आत नऊ टेपा आणि खुद्द कॅमेरा.

"कॅमेरा कॉलेजचा ना?"

"कॉलेजने भंगारात काढला, मी उचलला." ट्रायपॉडने त्यावरची धूळ चष्मे पुसायच्या फडक्याने पुसली. "दार लागत नाही. रबर बँड लावायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. पण मला खरं सांग, तो शॉट हलला होता? बावीस वर्षं मी हा बट्टा घेऊन फिरतोय. माझा शॉट आणि हलला?"

"नव्हता हलला," कात्री म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. तू छान घेतला होतास."

ट्रायपॉड तिच्याकडे बघत राहिला, पण आरशापुढचं गिऱ्हाईक हाका मारायला लागलं आणि विषय तिथेच राहिला.

टेप काही फाइलसारखी उघडत नाही. ती चाळीस मिनिटांची असेल तर चाळीस मिनिटंच घेते. कात्रीने जुना कॉम्प्युटर काढला, जाड केबल जोडली, कॅमेऱ्याला रबर बँड लावला आणि टेप सुरुवातीपासून लावली. आधी निळं, मग पट्टे, मग एकदम उजेड आणि वाफ. आणि त्या वाफेतून एक तरतरीत, आगाऊ आवाज आला.

"काकू, कॅमेऱ्यात बघायचं नाही!"

हा आवाज आपला आहे हे पटायला तिला जरा वेळ लागला.

"मग कुठे बघू?" पडद्यावर अठ्ठेचाळीस वर्षांच्या काकू विचारत होत्या.

"चादरीकडे."

"चादरीकडे तर रोजच बघते." मागून तिघींचं हसणं. "बरं बाई. घे पुन्हा."

पुन्हा घेतलं. अकरा वेळा घेतलं. घोगरी चादरींतून गात येते, काकू घडी घालतात, आणि पोरगी अगदी जवळ आली की काकूंना राहवत नाही. त्या मान वर करतात आणि थेट कॅमेऱ्याकडे बघून हसतात, जणू विचारतात, बघितलंत ना, कशी गाते? अकराही वेळा. आणि अकराही वेळा ती आगाऊ पोरगी ओरडते, "कट! काकू!"

कात्री खुर्चीत बसून राहिली. तिने आजवर शेकडो लोकांना हसवलं होतं, ओठांचे तुकडे जोडजोडून. इथे एक बाई फुकटात, स्वतःहून हसत होती आणि आपण तिला अकरा वेळा थांबवत होतो. चाळीस मिनिटं तिने एकदाही टेप पुढे पळवली नाही. शॉटच्या मधल्या गप्पा, ट्रायपॉडचं शिंकणं, घोगरीचं शब्द विसरून जीभ चावणं, सगळं पाहिलं. एका जागी घोगरी कॅमेऱ्यामागे येऊन तिच्याच कानाशी बोलत होती, "कात्री, आपण म्हातारे झालो तरी हेच करायचं हं." त्यावर हिचा आवाज, "आधी पास हो."

दुपारच्या सुट्टीची वेळ साधून तिने घोगरीला फोन केला. मेसेज नाही, फोन. पलीकडे मुलांचा गलका होता. मग दार लागल्याचा आवाज झाला आणि शांतता झाली.

"कात्री? काय झालं? आई बरी आहे ना?"

"एकदम ठणठणीत. तिला तिचा शॉट हवाय." आणि कात्रीने सगळं सांगितलं, इस्त्रीवालीच्या डोळ्यापासून रबर बँडपर्यंत.

घोगरीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू तिला सांगितलंस?"

"काय?"

"माहितेय तुला काय."

"नाही. मी कशाला सांगू?"

"बावीस वर्षं तू माझ्या वाटणीच्या शिव्या खाल्ल्यास."

"शिव्या कुठल्या गं, थट्टाच करतात त्या. आणि अगदी खरं सांगू? मलाही तो शॉट नकोच होता. सरांचा नियम मोडत होता. तू काढ म्हणालीस आणि मी सुटले."

"तुझं नियमाचं होतं," घोगरी म्हणाली. "माझं आईचं होतं." आवाज नेहमीपेक्षाही बसला होता. "मीच सांगते तिला. उद्या तिला तुझ्याकडे बोलाव. तू समोर असशील तरच मला जमेल."

दुसऱ्या दिवशी काकू आल्या, खुर्चीत बसल्या, फोनवर मुलीचा चेहरा बघून खूश झाल्या. घोगरीने आढेवेढे घेतले नाहीत. "आई, तो शॉट हलला नव्हता. मी काढायला लावला. तू लाँड्रीत आहेस हे सगळ्यांना दिसलं असतं, म्हणून. मला लाज वाटली होती."

कात्रीला वाटलं, आता काकू काहीतरी मोठ्या मनाचं बोलतील. आई म्हटल्यावर माणूस तीच अपेक्षा करतो. म्हणतील, मला तेव्हाच कळलं होतं, जाऊ दे. पण काकूंना काहीच कळलं नव्हतं. त्यांचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल झाला.

"तिघींना घेऊन आले होते मी," त्या म्हणाल्या. "ट्रॉलीवालीने पदरचे पैसे मोडून नवी चप्पल घेतली होती." आणि त्यांनी फोन पालथा घातला. आतून "आई, आई" ऐकू येत होतं. मग त्या कात्रीकडे वळल्या.

"आणि तू? तुझ्या तोंडाला काय कुलूप होतं? बावीस वर्षं मी गावभर तुझं नाव घेतलं. त्या सगळ्या लोकांना आता काय घरोघर जाऊन सांगू, की हिने नाही, माझ्या पोटच्या पोरीने?"

"काकू, बसा तरी..."

काकू बसल्या नाहीत. जिना उतरताना कठड्याला धरून एक एक पायरी उतरत होत्या आणि मागे आलेल्या कात्रीचा हात त्यांनी दोनदा झटकून टाकला.

आठ दिवस गेले. घोगरी रोज दुपारी फोन करू लागली. पहिले दोन दिवस नुसतं "आई माझा फोन उचलत नाही," एवढंच. तिसऱ्या दिवशी कात्री म्हणाली, "मी तोवर व्हिडिओला हात घालतेय. बघतेस का?" आणि तिने स्वतःचा पडदा तिला दाखवला.

जुनं काम तसंच्या तसं उघडणं शक्यच नव्हतं. ते सॉफ्टवेअर कधीच काळाच्या पडद्याआड गेलं होतं. उरली होती ती फक्त तयार व्हिडिओची डिस्क. कात्रीने गाणं नव्या टाइमलाइनवर पसरवलं आणि प्रत्येक जुना कट शोधून तिथे खूण केली. कट बघून दोघींना हसू आवरेना. प्रत्येक ठोक्याला कट! जणू ढोल वाजला की कात्री चालवायचीच. शिवाय तीन ठिकाणी चित्र पानासारखं उलटत होतं, कारण सॉफ्टवेअरमध्ये ते बटण होतं.

"ते पान उलटणं काढू नको हं," घोगरी म्हणाली. "त्याच्यासाठी आपण पूर्ण दोन तास भिंतीला टेकून उभे होतो."

"ठेवते. पण तुझी आई घालायची तर काहीतरी जाणार. गाणं तेवढंच आहे."

घोगरीने उत्तर द्यायला वेळ लावला नाही. "पुलावरचा माझा क्लोज-अप काढ. केस उडवणारा. मला तेव्हाही माहीत होतं की मी दूर कुठे नाही, तू वारा घालत होतीस त्या पुठ्ठ्याकडे तसं बघतेय."

कात्रीने तो काढला. मोकळ्या जागेत तिने अकरांपैकी सातवा शॉट लावला. त्यात घोगरीचा सूर किंचित आधी लागतो, काकू मान वर करतात आणि मग ठोका येतो. ठोक्यावर कट करायची सवय इतकी जुनी, की हात आपोआप तिकडे गेला. तिने तो मागे घेतला आणि शॉट पूर्ण चालू दिला, काकूंचं हसून होईपर्यंत, पुन्हा चादरीकडे नजर वळेपर्यंत. अकरा सेकंद. त्या वयात तिला अकरा सेकंद म्हणजे युग वाटलं असतं.

नवव्या दिवशी, भर दुपारी, जिन्यावर दोन माणसांची पावलं वाजली. पुढे काकू, मागे त्यांचा खांदा धरून इस्त्रीवाली. काकूंनी कात्रीकडे न बघता विचारलं, "झालंय का?"

"झालंय."

"मग लाव. ही पुन्हा पुन्हा जिने चढायची नाही."

कात्रीने इस्त्रीवालीची खुर्ची पडद्याच्या अगदी पुढ्यात, तिच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला सरकवली. गाणं लागलं. पहिली दोन कडवी इस्त्रीवाली नुसती मान हलवत होती. तिसऱ्या कडव्याला वाफ आली, चादरी आल्या आणि काकू आल्या. काकूंनी स्वतःला हसताना पाहिलं आणि तोंडावर हात धरला.

"अगं थांब, थांब!" इस्त्रीवाली ओरडली. "मागे घे!"

कात्रीने मागे घेतलं.

"तिथे. थांबव. ती बघ!" तिने वाकडं झालेलं बोट थेट काचेवर टेकवलं. काकूंच्या खांद्यामागे, चादरींच्या फटीत, एक बाई ट्रॉली ढकलत चालली होती. जेमतेम दोन सेकंद. पडद्याकडे एवढ्या वेळा बघूनही कात्रीचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं. तिच्या लेखी ती नुसती मागची हालचाल होती.

"ट्रॉलीवाली," काकू म्हणाल्या. "अगं बाई. कशी फणकाऱ्याने चाललीय बघ."

"म्हणजे त्या दिवशी तिचं मुकादमिणीशी वाजलं होतं."

"त्या दिवशी नाही, आदल्या दिवशी."

"मला शिकवू नको, मी तिथेच होते."

"तू कुठे होतीस? तू दिसत पण नाहीस."

"इस्त्रीच्या खोलीत कॅमेरा आलाच नाही तर मी कशी दिसणार?" इस्त्रीवाली कात्रीकडे वळली. "का गं, आला का नाही?"

कात्रीने कबूल केलं, की तिथे वाफेने काच दिसेनाशी झाली होती. मग तिने तेवढाच तुकडा लावून ठेवला, पुन्हा पुन्हा फिरणारा. ट्रॉलीवाली यायची, जायची, पुन्हा यायची. दोघी तिच्यासोबत बोलत होत्या म्हणा ना: कोण रजेवर होतं, कोणाच्या चादरी जळल्या, शिलाईवालीने कुणाच्या उशीच्या अभ्र्यात चिठ्ठी शिवून पाठवली. कात्री चहा घेऊन आली तेव्हा काकू डोळे पुसत हसत होत्या. सिमेंटवाल्यांचे दोन फोन वाजून बंद झाले.

निघताना काकू दारात थांबल्या. "फोन लाव तिला."

कात्रीने लावला. पहिल्याच रिंगला घोगरीने उचलला. काकूंनी तो हातात घेतला आणि म्हणाल्या, "ऐक. माझा राग गेलेला नाही. अर्धा गेलाय. उरलेला तू आल्यावर बघू, तो फोनवर जायचा नाही." जरा थांबून म्हणाल्या, "चांगलं गायलीस हो. घे, हिच्याशी बोल."

इस्त्रीवालीने फोन कानाला उलटाच धरला आणि मोठ्याने सांगितलं, "पोरी, तुझी आई झकास दिसते! गाणं जरा लांबलंय."

घोगरी सुट्टी लागायची वाट न बघता महिनाभरातच आली. स्टेशनवरून आधी घरी जायचं सोडून बॅग ओढत कात्रीचा जिना चढली. बावीस वर्षांत दोघींच्या केसांना रंग लागला होता, घोगरीचा चष्मा जाड झाला होता. मिठी मारताना बॅग जिन्यावरून दोन पायऱ्या घरंगळली तेवढंच काय ते नाटक झालं.

"व्हिडिओ लावू?" कात्रीने विचारलं.

"तो बघितला मी, दहा वेळा. टेप लाव. अख्खी."

रबर बँड लावून टेप सुरू झाली. दोघी एकाच खुर्चीवर कशाबशा मावून बसल्या. टेप अर्ध्यावर आली तोवर फोन वाजला, काकूंचा. "गाडी येऊन दीड तास झाला. कुठेय ती?"

"इथे आहे काकू, माझ्याकडे."

"येतेय का नाही? जेवण थंड होतंय."

घोगरीने पडद्यावरून नजर न काढता वीस बोटं दाखवली, दोन्ही हातांची दोनदा.

"वीस मिनिटांत निघते म्हणते."

"वीस म्हणजे चाळीस," काकू म्हणाल्या. "मला माहितेय तुमची ती कॉलेजातली खोली, तिथूनही ही अशीच उशिरा यायची. तू पण ये जेवायला, दोन पानं वाढतेय." आणि फोन ठेवून दिला.